बोंबेचे इंग्रजी

“बोंब म्हणजे नेमकी कसली ओरड?” साहेबांनी टाक दौतीत ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

प्रश्न साक्षीदाराला नव्हता. मला होता. सेशन कोर्टात असे सहसा घडत नाही. साक्षीदार मराठीत बोलतो, मी ते इंग्रजीत सांगतो आणि जज्जसाहेब स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहून घेतात. इंटरप्रीटर, म्हणजे कोर्टाचा दुभाषी, हा नळासारखा असतो. एका बाजूने येईल ते दुसऱ्या बाजूने सोडायचे, मध्ये स्वतःचे काही घालायचे नाही. ही नोकरी मी तीस वर्षे केली. कोणत्या गावच्या कोर्टात केली ते सांगत नाही. समुद्रकाठचे गाव होते एवढे पुरे.

साल एकोणीसशे सत्तावीस-अठ्ठावीसच्या सुमाराचे. मी चौतिशीत होतो आणि जिल्ह्यात माझ्याइतके झरझर इंग्रजी कोणाला येत नाही अशी माझी खात्री होती. तशी ती इतरांचीही होती, हेच वाईट झाले.

माझ्या आधीच्या दुभाष्याने एक वही करून ठेवली होती. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला त्याचे ठरलेले इंग्रजी. आज एक, उद्या दुसरे असे होऊन वरच्या कोर्टात घोळ नको, म्हणून. त्या वहीत ओरड, आरोळी, हाकाटी, बोंब या सगळ्यांना मिळून एक कंस होता आणि कंसापुढे एकच शब्द होता : शाऊट.

शाऊट हा इंग्रजीतला अगदी सोपा शब्द. इंग्रजी तिसरीतल्या पोरालाही येतो. माणसाने घसा मोकळा करून आवाज काढला की तो शाऊट. आनंदाने काढा, रागाने काढा, मदतीला बोलवा नाहीतर शिवी द्या. आजूबाजूला आणखी शब्द असले तरच तो कशाचा ते कळते. आपल्याकडे तसे नाही. हाक मारायची ती नाव घेऊन, ऐकू येईल एवढ्या अंतरावरच्या माणसाला. हाळी द्यायची ती खाडीपलीकडच्या तरवाल्याला, म्हणजे होडीवाल्याला. रानात जनावर उठवायचे तर हाकाटी. आणि तोंडावर उलटा हात मारत जी करतात ती बोंब. प्रत्येकीचे काम वेगळे, जागा वेगळी.

साहेब नेमके होते. मी शाऊट सांगितले तरी साक्षीदाराच्या तोंडचा बोंब हा शब्द त्यांनी टिपला होता. एवढ्या साध्या शब्दावर माणसाला शिक्षा द्यायला त्यांचे मन घेईना, म्हणून त्यांनी विचारले. खरे तर मी म्हणायला हवे होते, “साहेब, साक्षीदारालाच विचारू या.” पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

“ही शिमग्यातली ओरड, साहेब,” मी इंग्रजीत म्हणालो. “होळीभोवती तोंडावर हात मारून करतात. तिच्यात शिव्या असतात. लोक बहुतेक वेळा प्यालेले असतात.”

साहेबांनी ते लिहून घेतले. मग “थँक यू” म्हणाले. अख्ख्या खटल्यात त्यांनी कोणाला थँक यू म्हटलेले मला आठवत नाही. माझी छाती चार बोटे फुगली.

पिंजऱ्यात पहिल्या नंबरला उभा होता जोमा म्हात्रे. चाळिशीचा, रापलेला आगरी माणूस. त्याला इंग्रजी कळत नव्हते, त्यामुळे आपल्याबद्दल आत्ता काय लिहिले गेले हेही कळले नाही. तो माझ्याकडे पाहून हसला. आपल्याच भाषेचा माणूस तिथे उभा आहे याचा त्याला धीर वाटत असावा.

खटला असा होता. जोमाचे गाव खाडीकाठचे. गावाला आपण तीनखार म्हणू. अशा गावांची भातशेती समुद्राच्या भरतीहून खोलगट जमिनीत असते. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध. शेतातले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडायला बांधात दगडी चौकटीचे दार असते, त्याला उघाडी म्हणतात. बांध आहे तोवर गाव आहे. बांधाला भगदाड पडले तर त्याला खांड म्हणतात, आणि खारे पाणी एकदा आत शिरले की तीन-चार वर्षे भात होत नाही.

भाद्रपदातल्या अमावास्येचे उधाण होते. भरदुपारी बांधाला खांड पडली. ती जोमाने पाहिली आणि बोंब मारली. घटकेच्या आत साठेक माणसे फावडी, कुदळी, कोयते घेऊन बांधावर आली. खांड बुजवायला माती हवी. जवळची माती होती खोताच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, खासगी वाफ्यात, आणि त्यात भात उभे होते. खोताचा कारकून दोन गडी घेऊन आदल्या दिवशीच गावात आला होता. तो उघाडीवर आडवा उभा राहिला. “धन्याच्या पिकात फावडा घालायचा नाही!” रेटारेटी झाली. कोणाचा तरी धक्का लागला. कारकून उघाडीच्या दगडावर डोक्यावर आपटला आणि दिवस मावळायच्या आत मेला.

धक्का कोणाचा, ते शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. पण कारकुनाच्या दोन गड्यांनी शपथेवर सांगितले की जोमाने बोंब मारून हत्यारबंद लोक जमवले आणि सगळ्यांच्या पुढे होऊन तोच अंगावर आला. त्यात आदल्याच दिवशी जोमा कारकुनाला म्हणाला होता, “या उधानाला बगा काय व्हतं ते.” त्याला म्हणायचे होते की दुरुस्त न केलेला बांध फुटेल. सरकारी वकिलांनी ती धमकी ठरवली. पिंजऱ्यात सहाजण होते. मुख्य आरोपी जोमा, कारण बोंब त्याची.

जोमाचे म्हणणे एकच होते : मी उघाडीवर नव्हतोच, मी दोनशे पावलांवर खांडीत पाण्यात उभा होतो. गावातल्या चौघांनीही तेच सांगितले. साहेबांनी प्रत्येकाला तोच प्रश्न केला, “साठ माणसे बोलावणारा माणूस स्वतः लांब पाण्यात कशाला उभा राहील?” प्रत्येकाने उत्तर दिले, “उभा ऱ्हायाचंच असतं.” मी ते बिनचूक इंग्रजीत सांगितले. इंग्रजीत ते पढवलेल्या पोपटाचे बोलणे वाटत होते. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी कोर्टाच्या पडवीत पाणी पीत होतो. जोमाच्या बाजूचा एक साक्षीदार, पोशा आजा, खांबाला टेकून बसला होता. सत्तरीचा असेल. जोमाचे वकील काझी यांनी त्याला माझे ते शिमग्याचे बोलणे समजावून सांगितले होते. तो मला म्हणाला, “सायब, तू शिमग्याचं कशाला बोललास? ती आमची बोंब न्हाय.”

“मग कसली?”

“बांदाची. बांदाची बोंब मारली की हातान आसंल ते घेऊन धावायचं. जेवत आसंल तर हात न धुता उठायचं. बाईमानूस पेंढा घेऊन धावतं. कोनाच्या घरानशी कोनी आला न्हाय तर त्याच्या पोरीच्या लगनाला गाव जात न्हाय. माज्या आज्याच्या आज्यापासना हाय.”

“आणि जोमा खांडीत उभा राहिला तो?”

“बोंब मारनारा जागा सोडत न्हाय. खांडीन उतरतो नि पाठ लावून उभा ऱ्हातो. लोकं येईपर्यंत त्याची पाठ म्हनजेच बांद.” आजाने सदरा वर केला आणि माझ्याकडे पाठ केली. कमरेपासून खांद्यापर्यंत कातडी ओरखड्यांनी भरलेली होती, जुनी, पांढरी पडलेली. “मी तीन येला उभा ऱ्हायलो. शिंपल्या लागतात.”

मी नागावचा. आमच्याकडे नारळी-पोफळीच्या वाड्या. बांध फुटायची भीती आमच्या सात पिढ्यांत कोणाला नव्हती. आमच्या घरात बोंब हा शब्द कशासाठी वापरत? “घरात तांदळाची बोंब आहे,” “कशाला बोंबलतोस,” “चोराच्या उलट्या बोंबा.” सगळे वापर वाईट. शिमग्याला बोंब मारली म्हणून आईने माझ्या तोंडावर पळीने मारले होते. तेवढ्या भांडवलावर मी सरकारी शपथ घेऊन खाडीकाठच्या माणसांच्या बोंबेचा अर्थ सांगायला उभा राहिलो होतो. मला माझी शिसारी आली. आजही येते.

काझी वकील पडवीतच होते. मुरूडकडच्या व्यापारी घरातला तरुण माणूस, हा खटला फीशिवाय चालवत होता. मी त्यांना म्हटले, “हे तुम्ही आधी का नाही विचारलेत?”

“भाऊसाहेब, मला तरी कुठे ठाऊक होतं? आमचं घर गलबतवाल्यांचं. आणि यांना वाटतं की हे साऱ्या दुनियेला ठाऊक आहे. श्वास कसा घेतोस असं कोणी कोणाला विचारतं का?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मी आजाला पुन्हा साक्षीला बोलावायची परवानगी मागतो. पण त्या लिहिलेल्या ओळीचं काय? ती तुमची आहे. ती तुम्हीच पुसू शकाल.”

कोर्ट उठल्यावर मी साहेबांच्या चेंबरमध्ये गेलो. उभ्यानेच सांगितले, “साहेब, परवा बोंबेबद्दल मी सांगितले ते या खटल्याला लागू नाही. माझी चूक झाली.” आणि बांधाच्या बोंबेचे सगळे सांगितले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “हे तुम्हाला स्वतःला माहीत आहे?”

“नाही साहेब. आज कळले.”

“कोणाकडून?”

“त्या गावच्या म्हाताऱ्याकडून.”

“तो आरोपीचा साक्षीदार आहे?”

“हो.”

“म्हणजे खटला चालू असताना तुम्ही आरोपीच्या साक्षीदाराशी खटल्याबद्दल बोललात.” त्यांनी चष्मा काढला. “मी हे ऐकले नाही असे धरतो. परवा शिमग्याचे जे सांगितलेत, ते तरी तुम्हाला स्वतःला माहीत होते ना?”

“हो साहेब. लहानपणापासून पाहिलेले आहे.”

“मग ते राहील. ऐकीव ते पुरावा नव्हे. तुम्ही इंटरप्रीटर आहात की साक्षीदार, ते एकदा ठरवा. साक्षीदार व्हायचे असेल तर त्या जागेवरून उतरा.”

साहेब दुष्ट नव्हते. कायद्याने बोलत होते, आणि कायद्याने त्यांचे चुकलेही नव्हते. उतरतो म्हणायला मला एक शब्द पुरला असता. दाराबाहेर आमचे शिरस्तेदार, म्हणजे हेडक्लार्क, उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते. “घरी चार पोरं आहेत ना रे?” एवढेच ते म्हणाले. मी घरी गेलो. त्या रात्री जेवलो, झोपही लागली. हे लिहायला जड जाते, पण लागली.

पोशा आजाला पुन्हा बोलावायला परवानगी मिळाली. त्याने पडवीत सांगितले ते सगळे पिंजऱ्यात सांगितले. त्या दिवशी मी जसे भाषांतर केले तसे आधी कधी केले नाही आणि नंतरही नाही. एक अक्षर गळू दिले नाही. वहीतला शाऊट बाजूला ठेवून मी बोंब हा शब्द बोंब म्हणूनच सांगितला. साहेब लिहीत होते. मला वाटले, जमले.

सरकारी वकील उलटतपासाला उठले. त्यांनी तीनच प्रश्न विचारले.

“होळीला तुमच्या गावात बोंब मारतात?”

“मारतात की.”

“अशीच? तोंडावर हात मारून?”

“तशीच.”

“हे बांधाचं सगळं तुम्ही आधीच्या साक्षीत का सांगितलं नाहीत?”

आजा गोंधळला. “कोनी इचारलंच न्हाय.”

वकील खाली बसले. मग भाषणात म्हणाले की कोर्टाच्या स्वतःच्या दुभाष्याने, ज्याचे आरोपीशी काही देणेघेणे नाही, अर्थ स्पष्ट सांगितला, आणि तो सांगितल्यावरच या म्हाताऱ्याला खापरखापरपणज्याची रीत आठवली. मी त्या वेळी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो. माझे बोलणे माझ्याच समोर हत्यारासारखे वापरले जात होते आणि मला तोंड उघडायची परवानगी नव्हती. म्हणजे खरे तर होती. त्या जागेवरून उतरायचे होते, एवढेच.

निकालाच्या दिवशी पाचजण संशयाचा फायदा मिळून सुटले. जोमाला सात वर्षे सक्तमजुरी. निकालपत्रात शाऊट हा शब्द अकरा वेळा आहे. मी नंतर नकल काढून मोजले. दोन ठिकाणी त्याच्यामागे ‘शिवीगाळीचा’ असे विशेषण आहे. ते विशेषण माझे.

शिक्षा मी जोमाला मराठीत सांगायची होती, तेही कामच. मी सांगितली. तो म्हणाला, “सायब, तू आमचं सगलं नीट सांगलास ना त्यांना?”

मी हो म्हटले.

मागे त्याची बायको बामी उभी होती. तिचे तोंड उघडले, उजवा हात उलटा होऊन ओठांपर्यंत आला. पहाऱ्यावरच्या शिपायाने तिच्याकडे पाहिले. तिने हात खाली घेतला आणि पदर तोंडात कोंबला.

अपील झाले. अपिलात माणसे बोलत नाहीत, कागद बोलतात, आणि कागदावर शाऊट होता. अपील फेटाळले गेले.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी पोशा आजा काझी वकिलांकडे आला होता. मला पडवीत दिसला म्हणून मी मुद्दाम जवळ गेलो. शिवी देईल असे वाटले होते. दिली असती तर बरे झाले असते.

“बांद गेला, सायब,” तो म्हणाला. “यंदाच्या उधानाला. दिवसाच्या उजेडान गेला.”

“खांड कोणाला दिसली नाही?”

“दिसली तर. जोमाच्या भावाला दिसली. पन तो बोंबला न्हाय. बोंब मारली की सात वर्सं. घराघरान पलत गेला, दारान उभा ऱ्हाऊन हलूच सांगत. लोकं जमली तवर खांड बैलगाडी जाईल येवढी झालेली. लोकं पन काय, रिकाम्या हातानं आली. फावडा घेतला तर हत्यार म्हनतील.”

“आणि खांडीत उभं कोणी राहिलं?”

आजाने माझ्याकडे पाहिले. मी अजून तेवढेच विचारतो आहे याचे त्याला नवल वाटले असावे. “कोन उभा ऱ्हानार?” तो म्हणाला. तीनखारचे भात त्या वर्षी उभ्या उभ्या जळाले. माणसे मिठागरांवर गेली, काही मुंबईच्या गोदीत गेली. पोशा आजा पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहिला नाही, असे काझी वकिलांकडून कळले.

जोमा सहाव्या वर्षी सुटला. सुटल्याचा कसलासा कागद द्यायला तो आमच्या कचेरीत आला. केस पूर्ण पांढरे, पाठीत वाकलेला. माझ्या टेबलासमोर उभा राहिला. मी स्वतःहून सांगितले. शिमग्याचे, चेंबरचे, सगळे. माफी कशी मागायची असते ते मला त्या दिवशी कळेना.

मग त्याने विचारले, “सायब, आता बोंब मारली तर गुन्हा हाय का?”

“नाही रे. तेव्हाही नव्हता.”

“आसं?” तो म्हणाला. “पन आता येनार कोन?”

त्याने कागद टेबलावर ठेवला आणि निघून गेला. मी त्याला पुन्हा पाहिले नाही.

रिटायर होईपर्यंत माझ्या हाताखाली तीन नवे दुभाषी तयार झाले. ती वही मी त्यांना दिली नाही. शिकवले मात्र एकच. साक्षीदाराच्या गावचा शब्द आपल्याला कळला असे वाटले, की लगेच साहेबांना म्हणायचे, “मला ठाऊक नाही, त्यालाच विचारा.” याचे इंग्रजी फार सोपे आहे. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत ते वाक्य मी पहिल्या दहा वर्षांत, जोमाच्या खटल्यापर्यंत, एकदाही वापरलेले नाही.